तिसरा इंजिनिअर

चंद्रपूरचं नवं रो-हाउस ताब्यात घेण्याआधी बाहेरच्या इंजिनिअरकडून तपासून घेऊ, असं म्हटलं तेव्हा बाबा आधी गप्पच झाले. मग म्हणाले, "ओळखीतला बिल्डर आहे. त्याला काय वाटेल?" त्यांचा सगळा पीएफ त्या भिंतींत गेला होता.

मी पुण्यात कोड लिहितो. माझा कोड मीच पास करत नाही, टेस्टर वेगळा असतो. पण गावात सगळेच एकमेकांचे! पहिला इंजिनिअर बिल्डरनेच सुचवलेला. दुसरा म्हणाला, "लीकेज निघालं तर वॉटरप्रूफिंगही आपणच करून देऊ." म्हणजे लीकेज निघणारच.

तिसऱ्याने नागपूरहून फोनवरच विचारलं, "जमीन काळी आहे? जवळपास जुनी खाण?" काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तडे जातात. आणि खाणीचं म्हणाल तर, ऑगस्ट २०२२मध्ये घुग्गुसच्या आमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गेलं होतं. फी न विचारताच मी त्याला हो म्हटलं. (फी नंतर टोचली.)

त्याने एकेक टाइल ठोकून पाहिली, अर्थिंग मोजलं, गच्चीवर रात्रभर पाणी साठवून ठेवलं. बाथरूममधल्या ११ टाइल पोकळ वाजल्या. गच्चीचा उतार पाइपाच्या उलट दिशेला.

रेरा कायद्यानुसार ताब्यानंतर ५ वर्षांत दाखवून दिलेला बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. आम्ही ताब्याआधीच दाखवणार होतो.

रिपोर्ट घेऊन बाबाच गेले. मला म्हणाले, "तू गाडीतच थांब."