भुगतान आणि भोगणे

आम्हा सौंसरकरांचे शब्द दोन घरांत नांदतात. घरी मराठी, कचेरीत हिंदी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले, आम्ही छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशात राहिलो, तेव्हापासूनचा हा संसार. 'आपत्ति' म्हणजे हिंदीत हरकत, मराठीत संकट. 'भुगतान' म्हणजे हिंदीत पैसे चुकते करणे. आमच्या कानाला मात्र तो 'भोगण्या'चा सख्खा भाऊ वाटतो. या दोन्ही शब्दांचे अर्थ मला वडिलांच्या एका बिलाने शिकवले.

बाबा सुतारकाम करीत. १९८४ च्या जूनमध्ये त्यांनी एका सरकारी खात्याला ४० खुर्च्या आणि ६ टेबले करून दिली. बिल झाले ९,५०० रुपयांचे. त्यात ६,००० चे सागवान, २,३०० ची मजुरी आणि उरलेला नफा १,२००. लाकूड वनखात्याच्या लिलावातले. तिथे बोली लागली की मुदतीत पैसे भरायचे. चुकलात तर अनामत बुडते. म्हणून बाबांनी ६,००० रुपये दरमहा शेकडा दोन व्याजाने काढले. सरकार विकायला बसले की दिवस मोजते. विकत घ्यायला आले की वर्षेही मोजत नाही.

पहिली आपत्ती निघाली ती चलनावर शिक्का नसल्याची. शिक्का आणला. दोन महिन्यांनी कळले, दुसऱ्या पानावर सही नाही. सही आणली. मग मार्च आला आणि 'आवंटन' संपले. खुर्च्यांत एकही दोष कोणी काढला नाही. साहेब त्याच खुर्चीवर बसून बाबांना 'अगले हफ्ते आइए' सांगत. पोळ्याला कारागिरांचे पैसे द्यायचे होते. आईने पाटल्या काढून दिल्या. काही बोलली नाही.

बाबा शनिवारी जामसांवलीला पायी जात. मीही मागे असायचो. तिथला मारुती निजलेला आहे, हे वाचकांना सांगायला नकोच. एकदा परतताना हार-नारळाच्या दुकानापाशी बाबा थांबले आणि हसून म्हणाले, "पाय पोरा, इथं देव निजला हाये, पन नारळवाल्याचे पैसे हातोहात भेटते. तिथं सारे जागे हायेत, अन् आपलं बिल निजलं हाये."

ते बिल एकोणीस महिन्यांनी, १९८६ च्या जानेवारीत उठले. तोवर व्याज झाले होते २,२८० रुपये. म्हणजे नफा जाऊन वर हजारावर रुपयांची खोट. पाटल्या परत आल्या नाहीत. बाबांनी त्यानंतर सरकारी काम घेतले नाही.

आता जे सांगायचे ते सांगायला मला इतकी वर्षे लागली. पुढे मीच सरकारी नोकरीत लागलो आणि बिलांचे टेबल माझ्याकडे आले. एकदा टाटपट्ट्या पुरवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचे बिल मी परत केले. तारखेत खाडाखोड होती. महिन्याने ते दुरुस्त करून आले. मी पाहिले, पुरवठा आदेशाची नक्कल जोडलेली नव्हती. तसे लिहून कागद पुढे सरकवला. ते भांडले नाहीत. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि विचारले, "पहिल्या खेपेलाच दोन्ही सांगितलं असतं तर चाललं नसतं का, साहेब?"

मी नियमाबाहेर काही केले नव्हते. पण बाबांच्या बाबतीतही कोणी नियमाबाहेर काही केले नव्हते. लाच मागितली नव्हती, शिवी दिली नव्हती. फक्त एका वेळी एकच चूक सांगितली होती. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी पाळल्या. बिल हातात येताच त्यावर तारीख टाकायची, आणि जितक्या आपत्ती असतील तितक्या एकाच कागदावर लिहायच्या. यासाठी कोणाचा आदेश लागला नाही.

कायदा त्यानंतर बराच पुढे गेला. उशिराच्या देण्यावर लहान उद्योगांना व्याज देणारा कायदा १९९३ मध्ये झाला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने तर मुदतच बांधली: करार काहीही असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जायचे नाही. माल आल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असे धरले जाते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, तेही दरमहा आकारलेले. सरकारी खातीही यातून सुटलेली नाहीत. २०१७ पासून तक्रार घरबसल्या संगणकावरून नोंदवता येते.

मग अडते कुठे? अडते ते भीतीपाशी. तक्रार केली तर पुढचे काम मिळणार नाही, हे प्रत्येक पुरवठादाराला ठाऊक असते. त्यातून वस्तू व सेवा कराची नोंदणी असेल, तर हातात पैसा आलेला नसतानाही बिलावरचा कर वेळेवर भरावा लागतो. २०२५ साली महाराष्ट्रात कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले. म्हणजे नदीच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, दुखणे एकच.

हे आज लिहिण्याचे कारण असे, की ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जामसांवलीला हनुमान लोकाचे भूमिपूजन झाले. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालये, नवी टेबले, नव्या खुर्च्या. त्या कोणीतरी सुतार करणार, कोणीतरी उधारीने लाकूड आणणार.

त्या कार्यालयांत आपलीच मुले बसतील. दिवाळीच्या फराळाला ती घरी आली असतील, तर त्यांना एवढेच विचारा: तुझ्या टेबलावर सर्वांत जुने बिल कोणत्या तारखेचे आहे, बाळा?