बोअरचे पाणी

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, फैजपूरहून सावद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका गॅरेजसमोर भर दुपारी उभा राहून मी एका मिस्त्रीशी भांडलो. मी धर्मगुरू आहे, पन्नाशी ओलांडलेली आहे, आणि माझा प्रवचनातला आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही, अशी आमच्या धर्मग्रामातील ज्येष्ठांची जुनी तक्रार आहे. त्या दुपारी मात्र तो रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत स्पष्ट ऐकू गेला.

भांडणाचे मूळ आमची जुनी बोलेरो. मी मूळचा वसईकडचा. केळीच्या बागा पाहतच लहानाचा मोठा झालो. परंतु यावल-रावेर भागात केळीच्या मळ्यांतून रस्ताच मैलोगणती धावत राहतो, तेव्हा आमच्या राजेळी-सुकेळीच्या वाड्या परसबागेसारख्या वाटू लागतात. भुसावळकडून तापी ओलांडायची, आमोदे मागे टाकून फैजपूर गाठायचे आणि पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जायचे, हा माझा नित्याचा क्रम. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळतो. अशाच एका फेरीत गाडी तापली, बॉनेटमधून वाफ निघाली आणि तेल तपासायची कांडी बाहेर काढली तर तिला दुधाळ चहासारखा रंग आला होता. इंजिनातले पाणी तेलात मिसळू लागले होते. हेड गॅस्केट गेले, असे निदान झाले.

मिस्त्रीने हेड उतरविले, फेसिंग करून आणले, नवे गॅस्केट बसविले. हिशेब झाला अठरा हजार पाचशे. मी दहा हजार दिले आणि उरलेले पुढल्या महिन्यात देण्याचे ठरले. अकराव्या दिवशी गाडी पुन्हा तापली. पुन्हा तीच वाफ, तीच दुधाळ कांडी. गाडी ओढून गॅरेजात आणली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "फादर, हे काम नवीन आहे. चौदा हजार लागतील. आणि मागले साडेआठ हजार दिल्याशिवाय मी गाडीला हात लावणार नाही, बाहेरही जाऊ देणार नाही."

यावर मी काय काय बोललो ते सगळे येथे लिहिण्याजोगे नाही. तेथून निघालो तो थेट टपरीवर गेलो. चारपाच माणसे बसली होती, त्यांत दोन ट्रॅक्टरवाले. "या माणसाकडे गाडी नेऊ नका, हा फसवतो," असे मी त्यांना सांगितले. माझ्या झग्यामुळे त्या वाक्याला जे वजन आले असेल त्याचा विचार त्या वेळी मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी जळगावला वकिली करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. त्याने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि मला दोन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिली माझ्या विरुद्ध जाणारी होती. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७० व्या कलमाप्रमाणे, सोपविलेल्या वस्तूवर ज्याने आपले श्रम व कौशल्य खर्च केले त्याला रास्त मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. कायद्याने उदाहरण दिले आहे ते हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे. त्यालाच जोडून कोट शिवणाऱ्या शिंप्याचेही आहे; पण त्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केलेली असल्यामुळे त्याला कोट अडवता येत नाही. "तुमचा मिस्त्री जवाहिरा की शिंपी, यावर वाद घालता येईल, फादर," तो हसून म्हणाला. "शिवाय काम ठरल्या हेतूप्रमाणे झालेले असावे लागते. नेमके तेच तुमच्या भांडणाचे मूळ आहे."

दुसरी गोष्ट ग्राहक आयोगाची. १९८६ चा कायदा जाऊन त्या जागी २०१९ चा कायदा आला व २० जुलै २०२० पासून तो अमलात आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. सदोष दुरुस्ती ही सेवेतील त्रुटीच. "पण सेवेत त्रुटी होती हे तुम्हालाच सिद्ध करावे लागेल. पावती आहे?" पावती म्हणजे सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेले चार आकडे. "आणि गाडी दुसऱ्यांदा तापली तेव्हा तुम्ही काय केलेत?"

या प्रश्नाला मी उत्तर दिले, "थांबवली." वाचकहो, हे उत्तर खरे नव्हते. त्या सकाळी भुसावळला एक बैठक होती. आमोद्याच्या अलीकडेच तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्यात गेलेला मी पाहिला होता. थांबलो असतो तर उशीर झाला असता. बैठक काही फार महत्त्वाची नव्हती, पण उशिरा पोहोचणाऱ्यांविषयी मी स्वतःच मागल्या खेपेस बोललो होतो. म्हणून चार किलोमीटर तसाच गेलो. गाडी मी थांबवली नाही, ती आपली आपण बंद पडली. तापलेले हेड वाकते हे ज्याला मोटारीचे जुजबी ज्ञान आहे त्यालाही ठाऊक असते. मला होते. ते मी मिस्त्रीला सांगितले नव्हते आणि आता वकिलालाही सांगितले नाही.

नोटिशीचा मसुदा मात्र लिहायला घेतला. माझे मराठी बरे आहे. मसुदा फर्डा झाला. रात्री पुन्हा वाचला तेव्हा ज्या परिच्छेदात "वाहन तत्काळ थांबविण्यात आले" असे होते तेथे पुढे जाववेना. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात भावाचा अपराध निस्तरण्याचा क्रम सांगितला आहे: आधी एकट्याने त्याच्याकडे जावे, मग एकदोघांना बरोबर घ्यावे, तेही न साधले तर मंडळीपुढे मांडावे. हा उतारा मी कितीदा तरी समजावून सांगितला असेल. प्रत्यक्षात मी आरंभ टपरीवरील मंडळीपासून केला होता.

सकाळी मसुदा घरी ठेवून गॅरेजवर गेलो. मिस्त्रीने मान वर केली नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, काटा तांबड्यात असताना मी चार किलोमीटर गाडी चालवली होती." त्याने हातातला पाना खाली ठेवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मीही वॉल्व काढून टाकला होता. तुम्हाला सांगितला नाही."

वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असते तोवर तो मिटलेला राहतो आणि पाणी पुरेसे तापल्यावर उघडून त्याला रेडिएटरकडे सोडतो. आपल्याकडचे अनेक मिस्त्री "एवढ्या उन्हाला हा कशाला?" म्हणून तो सरळ काढून फेकतात. काही इंजिनांत त्यामुळे गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला भेट न देताच आतल्या आत फिरत राहतो. हे मला पुढे कळले.

तरीही हिशेब जुळेना. माझ्या चार किलोमीटरने हेड पुन्हा वाकले असेल, पण काटा मुळात तांबड्यात गेलाच कशाने? आणि पहिल्या खेपेस गॅस्केट का गेले? आम्ही दोघेही याच प्रश्नापाशी अडलो असता बाजूला पंपाचा स्टार्टर दुरुस्तीस आणून बसलेले एक वयस्कर केळी बागायतदार उठून जवळ आले. सगळे त्यांना अप्पा म्हणत होते. त्यांनी रेडिएटरचे झाकण उघडावयास लावले, आत बोट घातले आणि ते बोट माझ्यापुढे धरले. बोटावर पांढरा, खरखरीत लेप होता.

"पाणी कोणते टाकता, फादर?"

"घरचेच. बोअरचे."

"किती दिवस?"

"दोन वर्षे असेल."

अप्पा हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. म्हणाले, "हे पाणी आमच्या ठिबकचे ड्रिपर बंद करून टाकते. क्षार बसतो. आम्हाला नळ्यांतून आम्ल सोडून धुवावे लागते, नाहीतर केळी वाळते. अन् तुम्ही ते गाडीत भरता?" मग मिस्त्रीकडे वळून, "अरे, अन् तू हेड उतरवले तेव्हा हा का नाही उतरवला?"

रेडिएटर उतरविला. वरून नळीने पाणी सोडले तर ते खालून बोटभर धारेने येईना. निम्म्याहून अधिक नळ्या चुनखडीने भरल्या होत्या. दोन वर्षे मी कूलंटचे पैसे वाचवीत होतो, आणि हे वाचविणे पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या धर्मगुरूचा गुण आहे अशी माझी समजूत होती. मिस्त्रीने गॅस्केट का गेले हा प्रश्न न विचारता केवळ नवे गॅस्केट बसविले होते. जे मोडले ते त्याने जोडले. ज्याने मोडले तिकडे पाहिले नाही.

पुण्याच्या सेमिनरीत नीतिशास्त्राचे आमचे प्राध्यापक नुकसानभरपाईचा विषय शिकवताना फळ्यावर उभी रेघ ओढून दोन बाजूंना दोघांचा वाटा लिहीत. ज्याच्या हातून जेवढी हानी झाली तेवढी त्याने भरून द्यावी, न कमी न अधिक. अप्पांनी तीच रेघ गॅरेजच्या पत्र्यावर खडूने ओढली. रेडिएटरचा नवा गाभा चार हजार दोनशे व कूलंट आठशे, हे माझ्याकडे. गॅस्केटचा संच तीन हजार आणि मजुरी चार हजार, हे मिस्त्रीकडे. फेसिंगचे दोन हजार निम्मेनिम्मे, कारण वाकविले मी आणि वाकण्याजोगे ठेवले त्याने. म्हणजे चौदा हजारांपैकी सहा माझे, आठ त्याचे. जुने साडेआठ हजार मी पूर्ण द्यायचे, ते काम त्याने केलेच होते. वॉल्व नवा बसवायचा, तो त्याच्या खर्चाने. यावर त्याने कुरकुर केली. पण केली ती अप्पांकडे पाहून, माझ्याकडे पाहून नव्हे.

गॅस्केटसाठी रोख तीन हजार मात्र त्याच्यापाशी नव्हते. याच फैजपुरात १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावातल्या साहित्यातून ते नगर सजविले. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजीही आले होते. मला त्या वेळी आठवले ते मात्र त्याच्या कितीतरी आधीचे, प्रिटोरियातले तरुण बॅरिस्टर गांधी. दादा अब्दुल्ला व तय्यब शेठ या दोन आप्तांचा दावा त्यांनी लवादाकडे नेला. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. पण सदतीस हजार पौंड आणि खर्च एकरकमी भरायचे तर तय्यब शेठचे दिवाळे निघणार होते. गांधींनी आपल्याच अशिलाचे मन वळवून हप्ते बांधून दिले. दोन्ही पक्षांना लवादास राजी करण्यापेक्षा ते हप्ते मिळवून देणे त्यांना अधिक कठीण गेले, असे आत्मकथेत त्यांनी नमूद केले आहे. येथे तर जिंकलेलेही कोणी नव्हते. तीन हजार धर्मग्रामाच्या पेटीतून मी भरले. ते त्याने पुढल्या सर्व्हिसिंगच्या मजुरीतून फेडायचे ठरले. हा करार आम्ही वहीच्या कागदावर लिहिला व अप्पांची सही घेतली. गेल्या दिवाळीत तो फिटला.

पैशाचे एवढ्यावर मिटले. आमचे तेच प्राध्यापक आणखी एक गोष्ट सांगत: चोरलेले धान्य मापून परत देता येते, एखाद्याचे नाव खराब केले तर ते कोणत्या मापाने परत देणार? विद्यार्थी असताना परीक्षेपुरते मी हे पाठ केले होते. आता रस्ता ओलांडून टपरीवर जाणे भाग होते. दोनदा गेलो आणि नुसता चहा पिऊन परत आलो. तिसऱ्या खेपेस बाकावरची माणसे तीच असल्याची खात्री करून घेतली आणि उभ्यानेच म्हणालो, "त्या दिवशी मिस्त्रीबद्दल जे बोललो ते चुकीचे होते. गाडी माझ्याच पाण्याने बिघडली होती. त्याची चूक होती, पण ती फसवणूक नव्हती."

कोणी काही बोलले नाही. टपरीवाल्याने चहा पुढे केला आणि म्हणाला, "बरे केले फादर. पण हे दोघे तेव्हापासून सावद्याला जातात ना."

बोलेरो ठीक चालते. बॉनेटच्या आतल्या बाजूस गॅरेजातल्या पोऱ्याने पांढऱ्या रंगाने "बोअरचे पाणी टाकू नये" असे लिहून ठेवले आहे. पाड्यांवरची मुले ते मोठ्याने वाचतात. दोन ट्रॅक्टरांपैकी एक पावसाळ्यानंतर मिस्त्रीकडे परत आला. दुसरा अद्याप सावद्यालाच जातो.