हलक्या सॅकचं ओझं

चार दिवसांच्या ट्रेकची सॅक आणि चार महिन्यांच्या वाटचालीची सॅक यांच्या वजनात फारसा फरक नसतो. नवख्याला हे पटत नाही. दिवस वाढले की कपडे वाढणार, खाणं वाढणार, औषधं वाढणार, असा त्याचा सरळ हिशोब. म्हणूनच महिनाभराच्या भटकंतीला निघालेला माणूस स्टेशनवर दिसतो तो एक सॅक पाठीवर आणि दुसरी पोटावर अडकवून. ज्यांच्या पायांखालून बरीच वाट गेली आहे ते मात्र दिवस मोजत बसत नाहीत. दोन दुकानांमधलं अंतर किती, दोन पाणवठ्यांमधलं अंतर किती आणि रात्री डोक्यावर छप्पर मिळणार की नाही, एवढंच ते विचारतात. ही उत्तरं हाताशी असली की सॅक उतरत जाते. नसली की माहितीच्या जागी सामान भरावं लागतं.

सामान उतरवण्याचा धडा सुरू होतो तो निघायच्या आदल्या रात्री, सतरंजीवर. सगळं समोर मांडायचं, स्वयंपाकघरातला वजनकाटा शेजारी घ्यायचा आणि एकेक वस्तू त्यावर ठेवायची. जुना दंडक असा की पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं. साठ किलोच्या माणसाने बारा किलोच्या वर जाऊ नये. अंदाजाने भरलेली सॅक या दंडकात क्वचितच बसते. काट्यावर ठेवल्यावर मग गमती कळतात. टूथब्रशचा दांडा कापून पाच-सात ग्रॅम वाचवणाऱ्याची रिकामी सॅकच अडीच किलोची निघते. जीन्स सहाशे-सातशे ग्रॅमची असते, भिजली की आणखी जड होते आणि सह्याद्रीतल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. जाड टॉवेलच्या जागी पंचा आला की वजन निम्म्याहून कमी होतं. शिवाय पंचा डोक्याला गुंडाळता येतो, त्यात भाकरी बांधता येते आणि चालता चालता तो सॅकवर वाळतो.

कपड्यांचं सूत्र सोपं आहे: एक जोड चालायचा, एक जोड झोपायचा. चालायचा जोड घामाने भिजणार, मळणार, त्याची पर्वा करायची नाही. झोपायचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकच्या तळाशी ठेवायचा आणि मुक्कामाआधी त्याला हात लावायचा नाही. दिवस चार असोत की चाळीस, तिसऱ्या जोडाची गरज पडत नाही. साबणाची वडी आणि ओढा पुरतो. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये याव्यात, म्हणजे सॅक मागे ओढत नाही. कमरेचा पट्टा मात्र हाडावर नीट आवळलेला हवा. तो सैल असला तर सगळा भार खांद्यांवर येतो आणि आठ किलोही दुपारपर्यंत सोळा वाटायला लागतात.

इथवर जे सांगितलं ते काटकसरीचं शास्त्र झालं. पाणी मात्र त्याला दाद देत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्याची हलकी आवृत्ती बाजारात मिळत नाही. भर डिसेंबरात गडावरची टाकी भरलेली असतात, तेव्हा एका बाटलीवर भागतं. होळीनंतर त्याच वाटेवर माणशी तीन-चार लिटर घेऊन चढावं लागतं. हा तीन किलोंचा फरक कुठल्याही महागड्या सॅकने भरून निघत नाही. तो निघतो एका फोनने. पायथ्याच्या वाडीत ओळखीचं कुणी असलं तर निघण्याआधी विचारून घ्यायचं, "दादा, वरच्या टाक्यात पाणी आहे का?" पलीकडून उत्तर येतं, "वरचं आटलंय. देवळामागचं हाय, पन गाळून घ्या." एवढ्या एका वाक्याने सॅकमधल्या दोन बाटल्या घरी राहतात आणि गाळायला मलमलीचा तुकडा आत जातो.

राजगड, तोरणा आणि तिथून रायगड हा सह्याद्रीतला जुना लाडका रेंज ट्रेक. राजगडावर पद्मावती माचीवरच्या देवळात पूर्वी पथारी पसरता यायची, म्हणजे तंबू लागत नसे. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून घाटमाथ्याची गावं धरत मोहरीपर्यंत यायचं आणि सिंगापूरच्या नाळेने कोकणात उतरायचं, हा एक मार्ग. वाटेतल्या वाडीत सांगून ठेवलं असेल तर रात्री पिठलं-भाकरी, भात आणि लसणाची चटणी समोर येते. चौघांचा दोन रात्रींचा शिधा, टोप, स्टोव्ह आणि इंधन असं सगळं मिळून सात-आठ किलो सहज भरतं. ते सगळं खांद्यांवरून उतरतं.

उतरतं, पण नाहीसं होत नाही. जेवण करणाऱ्या मावशींनी पीठ बाजाराच्या गावाहून आणवलेलं असतं, सरपण रानातून आणलेलं असतं आणि उन्हाळ्यात पाण्याचा हंडा डोक्यावरून आलेला असतो. ट्रेकर चुलीशेजारी पाय पसरून "या वेळी सॅक काय हलकी झालीये" म्हणतो, तेव्हा चौघांचे ते सात-आठ किलो दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावरून घरात आलेले असतात. हलक्या सॅकच्या सगळ्या गोष्टींमध्ये हा धागा सापडतो. सांगणारे मात्र तो बहुतेक वेळा गाळून टाकतात.

अमेरिकेतल्या एमा गेटवुड यांचंच पाहा. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, ११ मुलांची ही आई ओहायोतल्या घरून 'जरा चालून येते' एवढंच सांगून निघाली आणि जॉर्जियापासून मेनपर्यंतची अख्खी अपालाचियन ट्रेल एकटीने एका दमात चालली. अंतर तीन हजार किलोमीटरहून जास्त, दिवस लागले १४६. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. एक ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. पिशवीचं वजन क्वचितच नऊ किलोंच्या वर जायचं. हलकं चालणाऱ्यांच्या जगात गेटवुड आजी आज दैवत मानल्या जातात आणि त्या पडद्याची कहाणी सगळे सांगतात. पण आजी वाटेवरच्या घरांची दारंही ठोठावत होत्या. अनोळखी लोकांनी त्यांना जेवू घातलं, ओसरीवर आणि कधी घरात झोपू दिलं. कुणी दार उघडलं नाही तर बाकावर किंवा पाल्याच्या ढिगावर त्या अंग टाकत. तंबू घरी ठेवायचा तर दार ठोठावायची हिंमत आणि नकार पचवायची तयारी सोबत घ्यावी लागते. वजनकाट्यावर या दोन्हींची नोंद होत नाही.

रे जार्डिन यांचा पिंड वेगळा. विमान-अवकाश क्षेत्रातला हा अभियंता. कड्यांच्या भेगांत अडकवायचं 'फ्रेंड्स' हे स्प्रिंगचं साधन त्यांनीच शोधलं, आणि प्रस्तरारोहकांना आजही ते माहीत आहे. पत्नी जेनी यांच्यासोबत त्यांनी मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंतची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल पुन्हा पुन्हा चालली आणि प्रत्येक वेळी सामान कमी केलं. सॅक स्वतः शिवली, आतली चौकट काढून टाकली. तंबूऐवजी ताडपत्रीसारखं पातळ कापड घेतलं, स्लीपिंग बॅगऐवजी दोघांत एक गोधडी. जड बुटांच्या जागी धावायचे बूट आले आणि हातात चक्क छत्री. १९९२ साली त्यांनी या ट्रेलवर पुस्तक लिहिलं. खाणं, पाणी आणि इंधन वगळून उरतं ते मूळ वजन, ते साडेचार किलोंच्या आत आणता येतं, हे या दोघांनी चालून दाखवलं. आज 'अल्ट्रालाइट' म्हणवणारे याच आकड्याची रेघ मारतात.

तिथेही खाणं हवेतून येत नाही. सव्वाचार हजार किलोमीटरचा शिधा कुणी पाठीवर घेत नाही. घरी खोकी भरायची, वाटेवरच्या गावांतल्या टपाल कचेऱ्यांच्या पत्त्यावर रवाना करायची आणि चार-आठ दिवसांनी एकेक सोडवत पुढे जायचं, ही तिथली रीत. जार्डिन यांची सॅक हलकी होती त्यात त्यांच्या शिलाई मशीनचा वाटा होता, तसाच अमेरिकन टपालखात्याचाही.

आपल्याकडे यासाठी खोकी पाठवायची गरज पडली नाही. नर्मदा उगमापासून समुद्रापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहते. परिक्रमेत दोन्ही तीर चालायचे, नदी ओलांडायची नाही, ती कायम उजव्या हाताला ठेवायची. परंपरेने सांगितलेला काळ तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. आजचे पायी परिक्रमावासी पाच-सहा महिन्यांतही पूर्ण करतात. सामान काय? कमंडलू, दंड, आसन, पांघरूण, झोळी, अंगावरचं आणि बदलायचं वस्त्र. संग्रह करायचा नाही हा नियमच. आश्रमात किंवा गावात सदाव्रत मिळतं, कधी शिजवलेलं, कधी पीठ-डाळीचा शिधा. कुणी सकाळी बालभोगाला थांबवून घेतं, कुणी दुपारी भोजनप्रसादीला. 'नर्मदे हर' म्हटलं की ओसरीवर आसन लावायला जागा होते. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीयांना लुटत असत, अंगावर लंगोटीच उरायची, आणि झाडीपार गेल्यावर पुन्हा कुणीतरी वस्त्र द्यायचं. सरदार सरोवराच्या पाण्याने तिथली जुनी वाट बुडाली. पण तीरावरच्या गावांनी उचललेला भार अजून तसाच आहे, आणि त्यातली कित्येक घरं स्वतः गरिबीत असतात. पुण्या-मुंबईहून आलेला निवृत्त माणूस दोन कपड्यांवर बाहेर पडतो, त्याची अर्धी सॅक त्या घरांनी आधीच भरून ठेवलेली असते.

वारीत हाच व्यवहार उघड्यावर होतो. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट वारकरी टाळ आणि पताका घेऊन चालतो, बायांच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असतं. वळकट्या, पाल, भांडी, शिधा हे सगळं दिंडीच्या ट्रकमध्ये. दिंडीची भिशी, म्हणजे वारीची वर्गणी, भरलेली असते, त्यामुळे कोण किती उचलतं याचा हिशोब चोख. आपण किती हलके चाललो याची फुशारकी वारीत कुणी मारत नाही.

हिमालयात गेलं की हा हिशोब पुन्हा धूसर होतो. यूथ हॉस्टेलच्या ट्रेकला जाऊन आलेली मराठी घरं गल्लोगल्ली सापडतील. तिथे कॅम्प ठोकलेले, जेवण तयार, पांघरायला मिळालेलं. पाठीवर कपडे, डबा आणि पाण्याची बाटली. हल्ली तेवढंही नको असेल तर पैसे भरून सॅक खेचरावर किंवा पोर्टरकडे द्यायची सोय असते. ट्रेकच्या भाषेत 'ऑफलोडिंग'. त्यावरून ट्रेकर मंडळांमध्ये वाद झडतात. गुडघे दुखणाऱ्याने सॅक दिली तर काय बिघडलं, असं एक बाजू म्हणते. स्वतःचं ओझं झेपत नाही त्याने वर जाऊच नये, असं दुसरी.

पण सॅक स्वतः वाहणाराही सगळं वाहतच नाही. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे बाजारकडे माल नेणाऱ्या हमालांची वजनं बेल्जियमच्या संशोधकांनी मोजली. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो अभ्यास आला. पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भार नेत होते, स्त्रिया ६६ टक्के. पाठीला 'डोको' ही टोपली, कपाळावरून त्याचा पट्टा, हातात टेकू द्यायची काठी. सावकाश पावलं आणि वारंवार विसावा. त्या वाटेवरच्या लॉजमध्ये ट्रेकरच्या पुढ्यात येणारा डाळभात, चहा, चॉकलेट असंच कुणाच्या तरी कपाळावरून वर आलेलं असतं. स्वतःची आठ किलोंची सॅक स्वतः उचलणारा आणि ती खेचरावर देणारा, रात्री एकाच टेबलावर तोच डाळभात जेवतात.

म्हणून कसलेले भटके सॅक भरताना दोन वेगवेगळे ढीग करतात. वाट आणि वाटेवरची माणसं जे पुरवतील ते पहिल्या ढिगात. त्याचे पैसे ठरलेले, सांगितलेले, शक्य तर आगाऊ पोचवलेले. घासाघीस नाही, आणि सांगून ठेवलेलं जेवण आयत्या वेळी रद्द करणं नाही, कारण पीठ मळून झालेलं असतं. दुसरा ढीग कुणावर ढकलायचा नाही असा: हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल, नेहमीची औषधं, बँडेज, शिट्टी, पावसाचं कापड, एका वेळचं कोरडं खाणं. हा ढीग दीड-दोन किलोंचा होतो आणि बहुतेक ट्रेकमध्ये न उघडता परत येतो. वजन कमी करायच्या नादात पहिला हात यालाच लागतो, कारण घरी, पंख्याखाली बसून तो निरुपयोगी दिसतो. त्याच ढिगात एक रिकामी पिशवी असते, बिस्किटांचे कागद आणि बाटल्या परत आणायला. तो भार गावाने उचलावा असा करार कुणाशीच झालेला नसतो.

दोन्ही ढिगांची सीमा ऋतूप्रमाणे सरकते. जुलैत घाटमाथ्याच्या वाडीला फोन लावला तर मावशी सांगतात, "भाताची आवनी चाललीय बाळा, आमी समदी खाचरात. रातीचं बगू, पन दुपारचं काय जमायचं न्हाई." त्या दिवसांत प्रत्येक ओढा वाहता असतो, टाकी काठोकाठ भरलेली. मग सॅकमधली पाण्याची दुसरी बाटली बाहेर निघते आणि तिच्या जागी छोटा गॅस स्टोव्ह, टोप आणि खिचडीचे डाळ-तांदूळ जातात. काट्यावर किलोभर वजन वाढतं.