मांजराची वाट

कुत्रा धन्याचा आणि मांजर घराचे, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. बिऱ्हाड हलले की कुत्रा सामानाच्या गाडीमागून धावत येतो. मांजर मात्र रिकाम्या घराच्या उंबरठ्यावर बसून राहते, असे वडीलधारी माणसे सांगत. या समजुतीत मांजराची थोडी निंदाच अभिप्रेत असते. माणसांपेक्षा भिंतींवर अधिक प्रेम करणारा प्राणी कृतघ्नच म्हणावयाचा! परंतु याच समजुतीचा दुसराही एक अर्थ निघू शकतो. ज्याचा सारा जीव घरात गुंतलेला असतो, त्याला घरातील बदल सर्वांच्या आधी कळतो आणि सर्वांहून अधिक बोचतो. हा दुसरा अर्थ आमच्या सखूने आम्हांला समजावून दिला. तिने त्यासाठी वापरलेली भाषा मात्र सभ्य समाजात बसणारी नव्हती.

विषय थोडा नाजूक आहे, हे मी जाणतो. परंतु ज्या घरात तान्ही मुले, वृद्ध माणसे किंवा पाळीव जनावरे आहेत, त्या घरातील निम्मे संसारशास्त्र याच विषयाभोवती फिरत असते. तेव्हा त्याविषयी लिहावयास संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आमच्या घरात सखू प्रथम आली. करड्या रंगाची, बेताच्या अंगाची आणि मोजके बोलणारी. पिले होऊ नयेत म्हणून तिची शस्त्रक्रिया वेळीच झालेली आहे. तिच्यामागून मोती नावाचा लॅब्रॅडोर आला, आणि दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या मुलीने रस्त्यावरून उचलून आणलेले एक गावठी पिल्लू वाघ्या या नावाने नांदू लागले. ज्यांचे वैर शाश्वत आहे अशा प्राण्यांचा समास एकवचनी करावा, असा पाणिनीचा नियम आहे. आमच्या घरात वैर असे नव्हतेच. मोती प्रेमळ, वाघ्या खेळकर आणि सखू अलिप्त. तिघे एकाच छपराखाली सुखाने एकवचनी झाले, अशी आमची सर्वांची समजूत होती.

आरंभ माझ्या टेबलावर झाला. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांचे निबंध तपासून मी गठ्ठा बांधून ठेवला होता. सकाळी पाहतो तो त्यावर सखूनेही आपला अभिप्राय नोंदविलेला! काही निबंधांच्या बाबतीत तो माझ्या अभिप्रायाहून फारसा निराळा नव्हता, म्हणून सर्वांनी तो प्रसंग हसण्यावारी नेला. आठ दिवसांनी मुलाच्या पलंगावरील गादी भिजली. मग दिवाणखान्यातील कोचाची पाळी आली. आणि एके दिवशी आईच्या कॉटवरची गोधडी भिजली. वडील गेल्यानंतर त्यांच्या जुन्या धोतरांची आईने ती स्वतःच्या हातांनी शिवली होती. त्या दिवशी घरात कोणी हसले नाही.

आई सहसा रागावत नाही. गोधडी भिजत घालून ती एवढेच म्हणाली, “एक पोते आणा. पूर्वी नदीपलीकडे सोडून येत असत.”

घरात न्यायसभा भरली. वाघ्या आल्यापासून सखूच्या मनात मत्सर आहे आणि ती सूड घेत आहे, असे माझ्या पत्नीचे मत पडले. ती नुसती माजली आहे, असे मुलाने सांगितले. पाळलेले जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे मुलीने आजीला सुनावले. आणि आजीनेही, त्या कायद्यात गोधडीविषयी काही लिहिले आहे काय, असे तिला विचारले. शिक्षा ठरविण्यापूर्वी आरोपीची वैद्यकीय तपासणी व्हावी, एवढी सूचना मी मांडली. ती मान्य झाली आणि पोते तूर्त माळ्यावर राहिले.

जनावरांचे डॉक्टर शांत गृहस्थ होते. “आधी लघवी तपासू, स्वभावाविषयी मग बोलू,” असे ते म्हणाले. मूतखडा, मूत्राशयाचा दाह, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काहीही मांजराला ट्रेबाहेर नेऊ शकते. ट्रेमध्ये बसताना एकदा वेदना झाल्या की मांजर दोष ट्रेला देते आणि ती जागाच वर्ज्य करते. बोका वारंवार बसत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर एक तासही वाया घालवू नये. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एकदोन दिवसांत प्राण जातो, असे त्यांनी बजावले. सखूच्या तपासणीत रोग निघाला नाही. ती उभ्याने, शेपटी थरथरवीत भिंतीवर फवारा मारीत नव्हती. खाली बसून सपाट जागी मोकळी होत होती. पहिली रीत हद्द आखणाऱ्या मांजराची. दुसरी, नेहमीची जागा नाकारणाऱ्या मांजराची. सूड ही तिसरी रीत वैद्यकाच्या पुस्तकात नाही, असे सांगून डॉक्टर हसले.

मी घरी येऊन या विषयावरचे थोडे वाचन केले. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या मूत्राशयाच्या विकारांचा दीर्घकाळ अभ्यास केला. निरोगी मांजरांच्या दिनक्रमात अनपेक्षित बदल झाला, तर तीही खाणे कमी करतात, ओकतात आणि ट्रेबाहेर जातात, असे त्यांना आढळले. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्याला आपण उद्दामपणा म्हणतो, तो पुष्कळदा भेदरलेल्या शरीराचा उद्गार असतो. मांजराचा पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रुक्ष प्रदेशांतला रानमांजर. पाणी कमी आणि मूत्र दाट, हा त्याचाच वारसा. या मूत्रात फेलिनीन नावाचे एक द्रव्य असते आणि त्यापासून गंधकयुक्त संयुगे हळूहळू सुटत राहतात. म्हणून कालचा डाग आजच्याहून अधिक दरवळतो आणि मांजराला पुन्हा त्याच जागी बोलावतो.

निघताना डॉक्टरांनी तीन साधे प्रश्न विचारले होते. ट्रे कोठे आहे? तेथवर जाण्याची वाट कशी आहे? आणि तेथून बाहेर पडावयास दुसरी वाट आहे काय? आमचा वाळूचा ट्रे धुण्याच्या बाल्कनीत होता. तेथे जावयाचे ते स्वयंपाकघरामागच्या अरुंद बोळकांडीतून, आणि परत यावयाचे तेही तिच्यातूनच.

यापुढचा शोध मी लावला नाही. तो आईने लावला. तिची खुर्ची त्या बोळकांडीसमोर असते. चार दिवस ती जपमाळ ओढीत बसली होती. पाचव्या दिवशी मी महाविद्यालयातून परतलो तेव्हा ती म्हणाली, “अरे, ती जायला निघते रे. पण वाटेत गार फरशीवर ते दोघे पसरलेले असतात. कोपऱ्यापर्यंत येते, बघते आणि मागे फिरते. काल तीनदा फिरली.”

मग थोडे थांबून ती बोलू लागली. “मी लग्न होऊन आले तेव्हा आपल्या वाईच्या वाड्यात संडास परसाच्या टोकाला होता. जायची वाट ओसरीवरून. ओसरीवर मामंजी आणि त्यांचे पाहुणे पानसुपारी घेत बसलेले. हातात तांब्या घेऊन त्यांच्यासमोरून जायचे कसे? बैठक उठेपर्यंत पोटात कळा यायच्या. कोणी अडवत नव्हते हो, कोणी वाईटही नव्हते. पण जाता येत नसे.”

आई बासष्ट वर्षे या घरात आहे. ही गोष्ट तिने त्याआधी कोणाला सांगितली नव्हती. पोत्याचा विषय मात्र तिने पुन्हा काढला नाही.

यानंतरचे काम सोपे होते. मोती दुष्ट नव्हता. तो केवळ जवळ जाऊन हुंगत असे, आणि ट्रेमधील ऐवज त्याला मिष्टान्नासारखा वाटत असल्यामुळे तो तेथे आशेने ताटकळत बसे. परंतु चार किलोच्या जिवाने तीस किलोच्या प्रेमाची पारख तरी कशी करावी? आम्ही एकाऐवजी दोन ट्रे मांडले: एक माझ्या अभ्यासिकेत, एक आईच्या खोलीत. दोन्ही दारांना आडव्या फळ्या लावल्या. त्यांखालून सखू सरपटून जाते, मोती जाऊ शकत नाही आणि वाघ्याला ‘थांब’ एवढा शब्द शिकविला. ट्रे ऐसपैस, झाकण नसलेले निवडले, म्हणजे आत बसल्या बसल्या दार दिसावे. वाळू बारीक आणि बिनवासाची आणली आणि ती रोज उपसण्याचे काम मुलाकडे दिले. तिने निवडलेल्या जागांचाही अर्थ मग उलगडला: टेबल, पलंग, कोच, कॉट या सर्व उंच होत्या आणि तेथून चौफेर दिसत होते. म्हणून पुस्तकांच्या कपाटांची माथी मोकळी करून तिला एका खोलीतून दुसरीत जाण्याचा उंचावरचा रस्ता करून दिला.

डागांसाठी फिनेल मात्र बंद केले. फिनॉल जातीची द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवून निकामी करता येत नाहीत. अमोनियाचा वास तर मूत्राचीच आठवण देतो. त्याऐवजी विकरे असलेले द्रावण मिळते; ते गंधाच्या मुळावर घाव घालते. गोधडी त्याने दोनदा धुतली आणि ती निर्मळ झाली. नाक घासणे, ओरडणे, कोंडणे यांतले काहीच केले नाही. ज्याची तक्रारच भीतीची आहे, त्याला आणखी भीती घालून काय साधणार? सहा आठवड्यांत सारे स्थिरस्थावर झाले. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री एकदा कोच भिजला, तेव्हा पत्नीनेच तो मुकाट्याने पुसून काढला.

वाळूचा ट्रे ही वस्तू तशी अर्वाचीन आहे. १९४७ साली मिशिगनमध्ये एडवर्ड लो या गृहस्थाने द्रव शोषणारी माती मांजरांसाठी विकावयास आरंभ केला आणि हा व्यवसाय वाढला. त्यापूर्वी मांजराला परसू होते, राखेचा ढीग होता, अंधार होता आणि पळावयास चार दिशा होत्या. आपण सदनिकांत राहावयास आलो तेव्हा त्याचे परसू एका हातभर ट्रेमध्ये आणून ठेवले. आणि त्या ट्रेच्या वाटेवर कोण पहुडले आहे, हे मात्र पुष्कळ घरांत पाहिले जात नाही.

मांजर आडवे गेले तर आपण थांबतो आणि चार पावले मागे फिरतो. आपण मांजराला आडवे जातो तेव्हा तेही थांबते आणि मागे फिरते. फरक इतकाच की, त्याची अडचण ज्योतिषाची नसते. घरात सर्व जण प्रेमळ असले म्हणजे घर सर्वांना सुखाचे होते, असे नाही. कोणी न अडविताही वाट बंद असू शकते, आणि ती बंद आहे हे वाटेवर आरामात पसरलेल्याला दिसत नाही. जो भिंतीच्या कोपऱ्यावरून पाहून मागे फिरतो, त्यालाच ते दिसते. त्याने तक्रार केली, तर ती आपल्याला पसंत पडणाऱ्या भाषेत असेलच असे नाही. ती गादीवर असेल, कोचावर असेल, किंवा साठ वर्षे मनात दडपलेली असेल.