रायफल, चिंधी आणि विवेक

धर्मगुरूने रायफलीविषयी लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही याची आम्हांला कल्पना आहे. आमच्या हाती जपमाळ शोभते, बंदूक नव्हे. तथापि गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबात या वस्तूवरून वाद उद्भवला आणि आम्हांला त्यात पडावे लागले. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.मध्ये ०.२२ रायफल साफ करण्याचे धडे आम्ही गिरवले होते. ते तीन तपांनंतर असे उपयोगी पडतील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

त्या घरची पदवीधर कन्या नेमबाज आहे. रीतसर परवाना काढून तिने ५० मीटर स्पर्धेची रायफल घेतली. आजींनी ठाम विरोध केला. ज्या घरात रोज संध्याकाळी रोझरी होते, त्या घरात हत्यार राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आई नातीच्या बाजूची, तर वडील दोहोंच्या मध्ये अडकलेले. “फादर, तुम्हीच काय ते सांगा,” असे म्हणून त्यांनी निर्णयाचे ओझे आमच्या खांद्यावर टाकले.

आजींचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेला नाही. तलवारींचे फाळ होतील, हे यशया संदेष्ट्याचे स्वप्न आपण आगमनकाळात दरवर्षी ऐकतो. शस्त्राविषयी ज्याच्या मनात भय उरले नाही, त्याच्या हाती ते कधीच देऊ नये. परंतु ही रायफल कोणासाठी आहे, हेही पाहणे आवश्यक होते. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. पन्नास मीटरवरील कागदाच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत, आणि स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावर पदके मिळवली. दोघेही कोल्हापूरकडचे. एकाग्रता आणि श्वासावरील ताबा यांची ती उपासनाच म्हणावी लागेल.

आम्ही आजींना एवढीच विनंती केली, की नात रायफल साफ करते ते एकदा शेजारी बसून पाहावे. आम्हीही गेलो.

मुलीने प्रथम मॅगझिन काढले, बोल्ट उघडला, काडतूस बसते ती जागा डोळ्यांनी पाहिली आणि मग करंगळीनेही चाचपली. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलुपात होती. ‘रिकामी असेल’ असे गृहीत धरायचे नाही, हा पहिला नियम. नंतर तिने आजींना एक पुंगळी दाखवली. मोठ्या बंदुकीच्या काडतुसात ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मध्यभागी असते. येथे तो स्फोटक लेप बुडाच्या काठाच्या घडीतच भरलेला असतो. पिन काठावर आपटते, काठ चेपतो आणि आतील दारू पेटते. म्हणून ही पुंगळी पुन्हा भरता येत नाही. म्हणूनच काडतूस नसताना घोडा दाबू नये, असे शिकवतात. अनेक रायफलींत पिन सरळ नळीच्या कडेवर आदळून तेथे खोच पडते आणि पुढची काडतुसे अडकू लागतात.

मग साफसफाई. गोळी शिशाची, वरून मेणासारखा लेप. नळीत मेण, शिसे आणि काजळी यांचा थर बसतो. आमच्या वेळी पुलथ्रूच्या दोरीत चिंधी अडकवून ती मागून पुढे, एका दमात आणि सरळ ओढायची असे; दोरी तिरकी घासली, तर नळीच्या मुखाची कड झिजते. गोळी नळीचा निरोप घेते ती त्याच कडेशी. तेथे दोष आला, की नेम गेलाच. मुलीपाशी सळई होती, पण दिशा तीच: मागून पुढे. प्रथम द्रावणात भिजवलेली चिंधी, थोडा वेळ थांबणे, नंतर कोरड्या चिंध्या. बोल्टच्या तोंडावरील आणि पुंगळी ओढणाऱ्या नखाखालील काजळी तिने लहान ब्रशने काढली. शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. तेल अधिक झाले तर धूळ धरून त्याचा चिकटा होतो. नेमबाजीपूर्वी नळीतील तेल कोरड्या चिंधीने पुसून घ्यावे लागते. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात गादीच्या पेटीत रायफल महिनोन् महिने ठेवली, तर पेटी ओल धरते आणि गंज चढतो. घामाच्या बोटाचा ठसादेखील पोलादाला पुरतो. काम आटोपताच तिने साबणाने हात स्वच्छ धुतले, कारण शिसे पोटात जाऊ देऊ नये.

हे सांगता सांगता ती एक गोष्ट बोलून गेली. एका स्पर्धेत गुण घसरल्यावर ती रोज रात्री धातूच्या ब्रशने नळी घासू लागली होती. दोष कोठेतरी मळातच असणार, असे तिला वाटे. तिच्या प्रशिक्षकांनी तिला थांबवले. अशा रायफलीची नळी गोळ्यांपेक्षा अविचारी घासण्यानेच अधिक बिघडते, असे ते म्हणाले. शिवाय अगदी लख्ख केलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या विखुरतात. मेणाचा पातळ थर पुन्हा सारखा बसला, की मगच त्या एका ठिकाणी पडू लागतात.

आम्ही हे ऐकून चकित झालो. प्रायश्चित्त संस्कार देणाऱ्या कोणाही धर्मगुरूला ही व्याधी परिचित आहे. येथे आम्ही कोणा एकाविषयी बोलत नाही. क्षमा मिळालेले पाप पुनःपुन्हा खरवडून काढणारी भाविक माणसे प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांना वाटते, की आपण अजून पुरेसे स्वच्छ नाही. संत इग्नेशियस लोयोला हे स्वतः सैनिक. १५२२ साली माँसेराट येथे पवित्र मातेच्या वेदीपाशी त्यांनी तलवार ठेवली, आणि त्यानंतर मानरेसा येथे याच शंकाकुलतेने त्यांना ग्रासले. जुनी पापे ते पुनःपुन्हा सांगत राहिले, तरी शांती लाभेना. अखेर ती पुन्हा न उगाळण्याचा निश्चय केल्यावर त्यांची सुटका झाली. ‘आध्यात्मिक साधना’ या आपल्या ग्रंथात त्यांनी अशा शंकांसाठी स्वतंत्र सूचना लिहून ठेवल्या, त्या या अनुभवानंतरच्या.

आत्मपरीक्षण हवेच. ते टाळणाऱ्याच्या अंतःकरणावर गंज चढतो. परंतु योग्य दिशेने, सौम्य हाताने आणि ठरल्या वेळी ते करावे. मग चिंधी बाजूला ठेवून कामाला लागावे. देवाने आपल्याला काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी घडवलेले नाही.

आजी इतका वेळ गप्प होत्या. “एवढी निगा राखून शेवटी मारणार कोणाला?” त्यांनी विचारले.

“कागदाला, आजी,” नात म्हणाली.

त्या खळखळून हसल्या नाहीत आणि त्यांचे पूर्ण समाधानही झाले नाही. त्यांनी दोन अटी घातल्या: पोलादी कपाटाची किल्ली घरातील दुसऱ्या कोणालाही मिळणार नाही, आणि रोझरीच्या वेळी रायफल बाहेर दिसणार नाही. नातीने दोन्ही अटी मान्य केल्या. पहिली तर कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाची होती. आम्ही वेगळा निर्णय द्यावा असे काही उरलेच नव्हते. भय आणि विश्वास एका घरात नांदू शकतात. मात्र त्यासाठी कोणीतरी करंगळी घालून, नळी खरोखर रिकामी आहे ना, हे रोज पाहावे लागते.