एका फुटाला एक इंच

लंडनला पाहुणे आले की आपल्या मराठी घरांतून एक ठरलेली वरात निघते: टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ, विंडसर. पण बरोबर लहान मूल असेल तर आमचं ऐका, मेरिलबोन स्टेशनवरून बेकन्सफील्डची गाडी पकडा. स्टेशनवरून थोडं चाललं की बेकन्सकॉट येतं. दीड एकर बागेत मांडलेलं हे चिमुकलं गाव, आज चालू असलेल्या अशा गावांत जगात सर्वांत जुनं मानलं जातं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे पाच वर्षांच्या नातीला घेऊन गेलो होतो.

गावाची जन्मकथा गमतीची आहे. रोलंड कॅलिंगहॅम नावाच्या लंडनच्या एका अकाउंटंटला खेळण्यातल्या आगगाडीचं वेड. एक तर ही गाडी घराबाहेर जाईल नाहीतर मी, असं बायकोने बजावलं म्हणे! गाडी बागेत गेली, तिच्याभोवती घरं उगवली, आणि 1929 मध्ये ते गाव लोकांसाठी खुलं झालं. सगळं एका फुटाला एक इंच या मापाने. म्हणजे साडेतीन फुटांची आमची नात तिथे 42 फुटांची! तिला हा हिशेब सांगितला मात्र, बाईसाहेब पाऊल जपून टाकायला लागल्या.

क्रिकेटचा सामना चाललेला, कोळशाची खाण, किल्ला, प्राणिसंग्रहालय, विमानतळ. एका गवती छपराच्या घराला आग लागलेली आणि बंबवाले धावत आलेले. तिथून नातीला हलवायला आम्हाला बरीच लालूच दाखवावी लागली. मोठ्यांची करमणूक दुकानांच्या पाट्यांवर. भाजीवाला ख्रिस पी. लेटिस, खाटीक सॅम अँड एला (भरभर म्हणून पाहा!), वकील आर्ग्यू अँड ट्विस्ट. मुख्य स्टेशनचं नाव मेरिलू, मेरिलबोन आणि वॉटर्लूची मोट बांधून केलेलं. आणि हो, डबा घरूनच न्या. थालीपीठं गार झाली तरी तिथल्या बाकावर फार चवदार लागतात.

पण आम्हाला खरा विचार करायला लावला तो वेगळ्याच गोष्टीने. सुरुवातीची कित्येक दशकं हे गाव काळाबरोबर चालत होतं. बाहेर नव्या धर्तीच्या इमारती आल्या की इथेही येत, गाड्यांवर ब्रिटिश रेलचे रंग चढत. मग 1992 मध्ये चालकांनी ठरवलं की पुरे झालं, आणि नवं काढून गाव पुन्हा 1930 च्या दशकात नेऊन ठेवलं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. आमचं पुणंही 1974 च्या जूनमध्येच थांबलेलं आहे. त्यात सायकली आहेत, उड्डाणपूल नाहीत. नातीला रात्री झोपताना गोष्टींत मिळतं ते हेच पुणं.

तिथे एनिड ब्लायटनच्या 'ग्रीन हेजेस' या घराचीही प्रतिकृती आहे. बाई 1938 पासून बेकन्सफील्डला राहायच्या. आमच्या लेकीने त्यांच्या पुस्तकांचा फडशा पाडलेला, म्हणून आजीने कौतुकाने नातीला सांगितलं, "हे बघ, आईच्या पुस्तकांचं घर."

"मग खरं घर कुठे आहे? जाऊया ना!"

खरं घर 1973 मध्ये पाडलं. तसं सांगितलं तर पोरगी गप्प झाली. मग म्हणाली, "आबा, तुमचा वाडा आहे ना पण? डिसेंबरमध्ये आपण बघणार ना?"

सदाशिव पेठेतल्या त्या वाड्याच्या जागी आज पाच मजली इमारत आहे, खाली औषधांचं दुकान. विमानाची तिकिटं काढून झालेली होती. तिथे रस्त्यावर उभं करून सांगण्यापेक्षा इथेच बरं, असं एकमेकांच्या डोळ्यांत वाचून आबांनी सांगून टाकलं, "नाही गं राणी. तोही पाडला."

ती रडेल असं वाटलं होतं. ती त्या छोट्या घराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग आपण करूया. असाच. एका फुटाला एक इंच."

परतीच्या गाडीत आबांनी तिकिटाच्या मागे नकाशा काढायला घेतला. दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, मागे विहीर. इथवर एकमत. माडीच्या जिन्याला पायऱ्या किती, इथे घोडं अडलं. आबा म्हणतात तेरा. आजी म्हणते चौदा, कारण पाण्याची कळशी घेऊन चढायची ती, आबा नव्हे. मेरिलबोन येईपर्यंत निकाल लागला नाही. घरी आल्यावर कोथरूडला वन्संना फोन लावला. तिकडे रात्रीचे बारा वाजत आलेले. त्या झोपेतच म्हणाल्या, "बारा. आणि शेवटची मोडकी होती, ती धरायची की नाही ते तुम्ही ठरवा."