काशीतील बिऱ्हाड

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण रचली त्याची नोकरी बदलीची नसावी. बदलीच्या नोकरीत घर बांधण्याचा योग आला तर तो बहुधा निवृत्तीनंतर येतो. तोवर माणसाच्या वाट्याला येते ते बिऱ्हाड. हा शब्द मला फार आवडतो. त्यात भांडीकुंडी आहेत, अंथरुणे-पांघरुणे आहेत, देवांचा लहानसा डबा आहे, आणि हे सारे एक दिवस पुन्हा बांधावे लागणार ही जाणीवही आहे. मराठी मुलखाबाहेर नोकरी करणाऱ्या वाचकांपैकी पुष्कळांनी अशी पाच-सात बिऱ्हाडे मांडली आणि मोडली असतील. माझे चौथे बिऱ्हाड काशीत झाले. जागा मिळण्यास त्रास पडला म्हणून ती हकीकत सांगावी असे मुळीच नाही. तो त्रास सर्वत्रच पडतो. परंतु काशीत जागा शोधताना मला एक प्रश्न विचारण्यात आला, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

२०२३ च्या मे महिन्यात पुण्याच्या कचेरीत बदलीचा हुकूम हाती पडला. सहकाऱ्यांनी अभिनंदन केले. “लोक आयुष्यभर पैसे साठवून काशीला जातात, तुला सरकार प्रवासभत्ता देऊन पाठवते आहे,” असे एकजण म्हणाला. मला मात्र निराळ्याच भत्त्याचा हिशेब सुचत होता. घरभाडे भत्ता त्या वेळी पुण्यास मूळ वेतनाच्या २७ टक्के होता, वाराणसीस १८ टक्के. पुढे १ जानेवारी २०२४ पासून हे आकडे ३० आणि २० झाले, पण अंतर काही मिटले नाही. सात मोक्षपुऱ्यांत जिची गणना होते ती नगरी वेतन आयोगाच्या लेखी मात्र ‘वाय’ वर्गातील ठरली आहे.

घरी ही वार्ता सांगताच पत्नीने विचारले, “मुलीची शाळा किती लांब पडेल?” मुलगी तिसरीत जाणार होती. आई काहीच बोलली नाही. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती आणि तिला एकाहत्तरावे लागले होते. रात्री जेवणे आटोपल्यावर तिने पाने उचलता उचलता विचारले, “गंगा किती लांब असेल रे?” आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, “मीही येते.”

दुसऱ्याच दिवसापासून तिने आपले कपाट रिकामे करावयास घेतले. पितळेची भांडी माझ्या बहिणीकडे गेली. जरीची दोन लुगडी तिने सुनेच्या हाती ठेवली. वडिलांची पुस्तके वाचनालयास देऊन टाकली. मी पाहत होतो, पत्नीही पाहत होती. वृद्ध माणूस काशीस निघते आणि निघण्यापूर्वी आपल्या वस्तू वाटून टाकते, याचा अर्थ आपल्या घरांत कोणी कोणास समजावून सांगावा लागत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीविषयी घरात कोणी अक्षर काढले नाही. आम्ही सारे मुकाट्याने खोकी बांधीत राहिलो.

जूनमध्ये मी एकटाच पुढे गेलो. काशीचा खरा कोतवाल कालभैरव. त्याच्या अनुज्ञेवाचून येथे कोणास राहता येत नाही, अशी समजूत आहे, आणि नव्याने रुजू होणारे मोठमोठे अधिकारीही प्रथम त्याच्या दर्शनास जातात. मी तर साधा कारकून. कचेरीत हजर झाल्याचा अर्ज सकाळी दिला होता. सायंकाळी कालभैरवापुढे उभे राहून दुसरा दिला. सरकारी निवासाच्या यादीत माझा क्रमांक इतका खाली होता की, तो वर येईतो माझी पुढची बदली व्हावी. तेव्हा दलालाचा हात धरून शहर पालथे घालण्यावाचून गत्यंतर नव्हते.

सिगरा आणि महमूरगंज या भागांतील नव्या इमारती पाहिल्या. पाणी, वीज, शाळा, सारे हाताशी. भाडे मात्र भत्त्याच्या हाताबाहेरचे. प्रत्येक घरमालक तेच प्रश्न विचारी: माणसे किती, खाणेपिणे काय, आणि शेवटी मोठ्या अदबीने, “कितने दिन रहिएगा?” मी सांगे, तीन वर्षे, फार तर चार. गोदौलियानजीकच्या एका गृहस्थाने मला चहा पाजून सरळ सांगितले की, महिन्याच्या भाड्याने जागा देणे आता त्यास परवडत नाही. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ मंदिराच्या नव्या परिसराचे लोकार्पण झाले, तेव्हापासून यात्रेकरूंची रीघ लागली आहे. मी महिन्यास जे देणार ते यात्रेकरू दहा दिवसांत देऊन जातात. त्याच्या हिशेबात मला चूक काढता आली नाही.

वरुणेच्या बाजूस एक जागा मनास आली. दोन प्रशस्त खोल्या, पुढे अंगण, भाडे माफक, भिंतींना ताजा रंग. परंतु दाराच्या मागे रंगाचा हात पोचला नव्हता, आणि तेथे कमरेइतक्या उंचीवर एक मळकट आडवी रेघ होती. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने तिचा उलगडा केला. गंगा चढली की वरुणेचे पाणी उलटे फिरते आणि काठच्या वस्तीत शिरते. काशीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ साली पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. गंगा किती लांब, असे आईने विचारले होते. या घरात ती आपण होऊन स्वयंपाकघरापर्यंत आली असती.

कचेरीतील एका बनारसी सहकाऱ्यास माझी दया आली. “तुम्ही मराठी लोक,” तो म्हणाला, “मग दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडे का नाही पाहत?” मैदागिनला रिक्षा सोडून मी गल्ल्यांत शिरलो. दोन माणसे आणि एक गाय समोरासमोर आली तर गाईस वाट द्यावी लागते, इतक्या त्या अरुंद आहेत. दोन्ही अंगांस उंच दगडी घरे, त्यांवर आकाशाची एक चिंधी. आणि अशा एका वळणावर दारावरील पाटीवर अस्सल देशस्थी आडनाव वाचून माझी पावले थबकली.

काशीत मराठी माणसाने बिऱ्हाड करावे यात नवल ते काहीच नाही. नाथांनी आपले भागवत १५७३ साली येथेच पूर्ण केले. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक केला. पेशवाई बुडाल्यावर चिमाजी अप्पा येथे येऊन राहिले आणि त्यांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे यांनी अस्सीजवळ भदैनीस बिऱ्हाड केले. त्या बिऱ्हाडात मनकर्णिका नावाची मुलगी जन्मास आली. चिमाजी अप्पा वारल्यावर मोरोपंतांना बिऱ्हाड मोडून ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांकडे जावे लागले. आजच्या भाषेत त्यास आपण बदलीच म्हणू. झाशीची राणी ही अशी एका परगावी चाकरी करणाऱ्या मराठी माणसाची लेक होती. शाळांच्या पुस्तकांतून आपण तिची तलवार पाहतो, बिऱ्हाड पाहत नाही. उलट काही बिऱ्हाडे पुन्हा बांधलीच गेली नाहीत. १९२० साली निघालेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे ख्यातनाम संपादक बाबूराव विष्णु पराडकर १८८३ साली काशीतच एका मराठी कुटुंबात जन्मले आणि हिंदीचे होऊन गेले.

त्या पाटीच्या घराचे मालक पंचाहत्तरीचे होते. त्यांना सारी गल्ली दादा म्हणे. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मुरली होती की, सांधा दिसू नये. “आमचे लोक साताऱ्याकडून आले म्हणतात,” ते म्हणाले, “पण गाव कोणी देखा नाही.” दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या त्यांनी दाखविल्या. जिना दगडी, अंधारा, पायऱ्या वीतभर रुंद आणि गुडघाभर उंच, मध्यावर एक काटकोनी वळण. वर मात्र उजेड होता. गच्चीला माकडांच्या भयाने लोखंडी जाळी बसविलेली. तिच्यातून खाली घाटाच्या पायऱ्या आणि पलीकडे गंगा दिसत होती. भाडे भत्त्यात बसणारे होते. मी मनाशी होकार दिला.

“घरी कोण कोण?” दादांनी विचारले. मी सांगितले.

“मातोश्री येणार. राहायला, की काशीवासाला?”

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो.

“राग मानू नका,” ते म्हणाले. “भाड्यात फरक नाही. पण काशीवासाचं माणूस असेल तर मी खालची खोली देतो. जिना पाहिलात ना? त्या वळणावर तिरडी फिरत नाही. माझ्या आईच्या वेळी फार हाल झाले.”

त्यांच्या स्वरात कठोरपणा नव्हता. ज्या शहरात १९५८ सालापासून मुक्तिभवनासारखी वास्तू आहे, मरणाच्या वाटेवरील माणसास पंधरवड्याच्या बोलीने खोली देण्याची जेथे प्रथा पडली, तेथे हा प्रश्न पाण्याच्या नळाविषयीच्या प्रश्नाइतकाच व्यवहाराचा आहे. परंतु जे आम्ही तिघांनी पुण्यास महिनाभर ओठांवर येऊ दिले नव्हते, ते या परक्या गृहस्थाने जिन्याच्या मापासारखे समोर ठेवले. कचेरीत प्रत्येकाच्या निवृत्तीची तारीख नोंदवून ठेवणे हे माझे काम. आईच्या बाबतीत तशी एखादी तारीख मी मनात धरून चाललो होतो, हे मला तेथे प्रथम कळले, आणि मला माझी लाज वाटली.

“उद्या सांगतो,” असे म्हणून मी खाली उतरलो आणि घाटाच्या पायरीवर बसून घरी दूरध्वनी लावला. दोन-चार इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर मी आईस खालच्या आणि वरच्या खोल्यांविषयी सांगितले, आणि चाचरत दादांचा प्रश्नही सांगून टाकला.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, “काशीवास? असं कोणी सांगितलं तुला?”

“तूच नाही का विचारलंस, गंगा किती लांब म्हणून?”

“अरे, हे गेल्यापासून मला सगळीकडे कोणी तरी न्यावं लागतं. देवळात न्या, बँकेत न्या, डॉक्टरकडे न्या. गंगा जवळ असली तर माझी मी जाऊन येईन, कोणाला विचारायला नको. म्हणून विचारलं.”

“मग भांडी का वाटलीस?”

“बदलीच्या बिऱ्हाडात एवढं ओझं कशाला? ह्यांच्याबरोबर अकरा बिऱ्हाडं केली मी. तुला बांधाबांध जमत नाही, म्हणून आधीच कमी केलं.” थोडे थांबून तिने पुस्ती जोडली, “आणि मरण म्हणशील, तर ते काही जागा ठरवून येत नाही. वरचीच घे. वारा येतो ना तिथे?”

मग पत्नीने फोन घेतला. शाळेची बस गल्लीत येणार नव्हती. मुलीस रोज मैदागिनपर्यंत चालत सोडावयाचे आणि आणावयाचे होते. ती काही वेळ गप्प राहिली. “एक वर्ष पाहू,” ती म्हणाली. बिऱ्हाड बदलताना सर्वांत मोठा भार कोण उचलते, हे आपण पुरुष मंडळी सामानाच्या पावतीवर कधी लिहीत नाही.

उत्तर प्रदेशात २०२१ साली भाडेकरारांचा नवा कायदा झाला. करार लेखी हवा आणि राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे त्यात आहे. दादांनी एकाच महिन्याची घेतली. मी वरची जागा म्हणताच त्यांनी मान डोलावली. “मग जिन्याला दोर बांधून देतो. मातोश्रींना धरायला होईल.” तो दोर त्यांनी दुसऱ्याच दिवशी बांधला.

जुलैच्या आरंभी मंडळी आली. लोखंडी कपाट वळणावर अडकले आणि अखेर चौकातून दोरखंडांनी वर ओढून घ्यावे लागले. आई दोर धरून एकेक पायरी चढली. मधल्या वळणावर थांबून तिने भिंतीस हात लावून पाहिला, पण बोलली काहीच नाही.

ती रोज पहाटे तांब्या घेऊन एकटी खाली जाते. कार्तिकात पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकांस टोपल्यांतून आकाशदीप चढवितात. ते पाहून आल्यावर तिने मुलीस आमच्या आकाशकंदिलाचे मूळ समजावून सांगितले. एका पावसाळ्यात घाट पाण्याखाली गेला आणि त्याच सुमारास ती आठ दिवस तापाने पडून होती. दादांनी खालची खोली झाडून ठेवली होती. मला त्यांनी ते सांगितले नाही, मी येता-जाता पाहिले. त्या आठ दिवसांत जिन्याच्या वळणावरून जाताना माझी नजर भिंतीकडे जाई, हे कबूल केले पाहिजे. नवव्या दिवशी पहाटे ती उठली आणि तांब्या जागेवर नाही म्हणून कुरकुरू लागली.

अलीकडे कचेरीत पुन्हा बदल्यांच्या यादीची कुजबुज चालू झाली आहे. परवा रात्री जेवताना मी सहज एका दूरच्या गावाचे नाव घेतले. पत्नीने शाळेविषयी विचारले. आईने भाताचे भांडे खाली ठेवले आणि विचारले, “तिथे नदी किती लांब आहे?”